रेडकाचा साफ केलेला आवाज

जनावर आवाजाला फसत नाही. माणूस फसतो, पैसे देऊन फसतो. पण मुक्या जनावराला खरं-खोटं ऐकताक्षणी कळतं. आमच्याकडची जुनी माणसं हे इतक्या गंभीरपणे सांगत, की लहानपणी मला ते एखाद्या पोथीतलं वाटायचं.

पुढे मी माणसं फसवण्याच्याच धंद्यात गेलो. पुण्यात व्हिडिओ गेमसाठी आवाज तयार करतो. गेममध्ये कुणाचं हाड मोडतं, तेव्हा मी माइकसमोर उसाचं कांडं मोडलेलं असतं. बर्फातली पावलं म्हणजे कॉर्नफ्लोअरची पिशवी. आजवर एकाही खेळणाऱ्यानं तक्रार केलेली नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या गेममध्ये राक्षसांची फौज होती. संगीत करणाऱ्यानं तिच्यासाठी खर्जातले ढोल लावून ठेवले होते, आणि त्या ढोलांवर उठेल असा हंबरडा मला आणायचा होता. शेकडो गुरं एका जागी ओरडताना कुठं मिळतील, हे पुण्यातल्या सहकाऱ्यांना सुचेना. मला फार विचार करावा लागला नाही. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, आणि युसूफ वडगावच्या अलीकडं सहकारी साखर कारखान्यानं चारा छावणी उघडली होती. माझी आत्या तिच्या म्हशीला घेऊन तिथंच राहत होती.

माळावर बांबू आणि हिरव्या जाळीचे मांडव, आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी चेअरमनचा फोटो. जनावरांशेजारी खाट टाकून माणसं. आत्याचा मुलगा आणि सून ऊसतोडीला कर्नाटकात गेले होते, ते तिकडूनच वीटभट्टीवर लागले. आत्याचं सगळं म्हशीच्या दुधावर चालायचं. दोन्ही वेळचं दूध ती फाटकाशी येणाऱ्या दूध सोसायटीच्या गाडीत घालायची. म्हैस आटली तर विकावी लागणार, हे तिला माहीत होतं. छावणीत रोज चक्कर मारणाऱ्या जनावरांच्या व्यापाऱ्यालाही ते माहीत होतं.

मी गेलो तो संध्याकाळी, चाऱ्याची ट्रॉली यायच्या सुमारास. रेकॉर्डर आत्याच्या मांडवाच्या खांबाला बांधला, आणि नेमके चेअरमन आले. चारा त्यांच्या हस्ते वाटायचा होता, म्हणून भाषण होईपर्यंत ट्रॉली फाटकाबाहेर थांबवली. धाराही काढू नका, असा निरोप फिरला. भरल्या कासेची जनावरं फोटोत बरी दिसतात. त्यामुळं आत्याच्या म्हशीचं महिन्याचं रेडकू आईपासून हातभर अंतरावर दाव्याला अडकून भुकेनं ओरडत राहिलं. म्हैस त्याच्याकडं मान वळवून उभी. वर लाउडस्पीकरवर चेअरमन ‘शेतकरी बंधू-भगिनींनो’ इथून निघाले, कारखान्याच्या स्थापनेपर्यंत मागं गेले आणि तिथून सावकाश परत आले.

शेजारच्या मांडवात एक म्हातारा बैलजोडी घेऊन होता. माझा चेहरा बघून म्हणाला, “आवाज धराया आलता न्हवं? मग धर की. लई मोठा हाय.”

भाषण संपलं, ट्रॉली आत आली आणि अख्खी छावणी एकदम हंबरली. मला राक्षस मिळाले. मी पुण्याला परतलो.

पंधरवड्यानं आत्याचा फोन आला. “रेडकू गेलं रं,” ती म्हणाली. “हागवण लागलती. सकाळी बघते तर न्हाई.” मग म्हणाली, “म्हैस दूध चढवती. हात लावू देती, पर सोडत न्हाई. त्यो व्यापारी दोनदा येऊन बसून गेला.”

अशा वेळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढं उभं करायची आमच्याकडं रीत आहे. म्हैस ते चाटते आणि पान्हा सोडते. पण छावणीत मेलेलं जनावर लगेच उचलून नेत. आणि जिवंतांना न पुरणारा भुसा मेलेल्यात भरायला कोण देणार?

“तुझ्या मशिनीत त्याचा आवाज हाय ना?” आत्यानं विचारलं.

“हाय. पण त्याच्यावर सगळं भाषण हाय.”

“मग ते काढ की. कामच हाय ना तुझं ते?”

काम होतंच. राक्षस बाजूला ठेवून मी रेडकू घेऊन बसलो. आधी भाषण काढलं. मग वारा, साखळ्या, कुणाची तरी खोकल्याची उबळ, जाळीची फडफड. एकेक थर निघत गेला आणि शेवटी हेडफोनमध्ये फक्त ते राहिलं. त्याच्या श्वासाची घरघरही ऐकू येत होती. जिवंतपणी त्याच्याजवळ उभा असूनही मी ती ऐकली नव्हती. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. ते ऐकताना मात्र मला सारखं उठून खिडकीशी जावं लागत होतं.

स्पीकर घेऊन मी छावणीत पोचलो. रेडकू बांधायच्या खुंटीशी तो ठेवला. आत्यानं ओल्या फडक्यानं कास पुसली, बादली गुडघ्यांत धरली. मी आवाज लावला. म्हशीनं एकदा मान वळवली, स्पीकरकडं पाहिलं आणि रवंथ सुरू केला. पुन्हा लावला. तिनं शेपूट हलवलं, ते माशीसाठी.

“काय रं,” म्हातारा म्हणाला, “पुण्याचं रेडकू वळखंना व्हय ती?”

“तुमी गप बसा हो,” आत्या म्हणाली. “तुमच्या बैलांना तरी कवा कळतंय तुमी काय बोलता ते.”

एवढ्यात व्यापारी आला आणि समोर उकिडवा बसला. तो नुसता कासेकडं बघत राहिला. आत्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिची बोटं सडांवर चालत होती आणि बादली कोरडी होती. म्हातारा आता चेष्टा सोडून हळू म्हणाला, “जनावर फसत न्हाई, बाबा.”

मी आवाज बंद करायला मोबाइल हातात घेतोय तोवर यादीतली पुढची फाईल आपोआप सुरू झाली. ती साफ न केलेली होती. ‘शेतकरी बंधू-भगिनींनो!’ रांगेतले तिघं-चौघं खाटेवरून उठले, एकानं टोपी घातली. चेअरमन पुन्हा आले म्हणजे आज चाराही उशिरा, असा त्यांचा हिशेब. म्हशीचे कान उभे राहिले. कारखान्याच्या स्थापनेमागून, लांबून, घोगरं रेडकू ओरडायला लागलं. तिनं खुंटीकडं मान वळवली आणि तशीच धरून ठेवली.

बादलीच्या तळावर धार वाजली. रिकाम्या बादलीत ती पातळ, पत्र्यासारखी वाजते. भरत जाते तशी जड होते. ती जड व्हायला लागली. व्यापारी उठला, धोतर झटकलं आणि पुढच्या रांगेत गेला.

ती फाईल मी आत्याच्या मोबाइलमध्ये घालून दिली. आठवड्याभरात तिचा फोन आला.

“आता ती रेडकासाठी थांबत न्हाई,” ती म्हणाली. “बंधू-भगिनी म्हणलं की सोडती. तवा त्यातलं रेडकू तेवढं काढून टाक. मला दोन टाइम ऐकवत न्हाई.”

मी पुन्हा हेडफोन घातले. या वेळी रेडकू काढलं आणि भाषण ठेवलं.

पाऊस येऊन छावणी उठली, तोवर म्हैस सकाळ-संध्याकाळ त्या भाषणावर पान्हा सोडत होती, आणि ती विकावी लागली नाही. सोसायटीत त्या दुधाला साडेसहा फॅट लागत होती, म्हणजे पुरा भाव.