तांब्याचा वॉशर आणि एक जबाब

ही घटना माझ्या नोकरीतली नाही, निवृत्तीनंतरची आहे. तरी आजही आठवली की जेवताना घास हातात राहतो. चौतीस वर्षांच्या सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. जर्मनीतल्या एका गॅरेजमधलं हे प्रकरण मात्र वारासकट लक्षात आहे. यात गुन्हा दाखल झाला नाही, अटक झाली नाही. तपास मात्र झाला आणि तो मी केला. नावं कुणाचीच देत नाही.

माझी मुलगी आणि जावई र्युसेल्सहाइमला राहतात. जावई मूळचे सांगलीचे, मोटार इंजिनिअर. त्या उन्हाळ्यात मी तीन महिने त्यांच्याकडे होतो. आमच्या सौ. धाकटीच्या बाळंतपणासाठी पुण्यात अडकल्या होत्या, त्यामुळे मी एकटाच गेलो. जाताना त्यांनी नेहमीप्रमाणे बॅगेत पोहे, गोडा मसाला आणि चिंचेचा गोळा कोंबला. तो चिंचेचा गोळा पुढे महत्त्वाचा ठरला.

जावयांना व्यसन एकच, जुनी गाडी. दोन दारांची, ऐंशीच्या दशकातली, त्या काळात रस्त्यावरच्या भल्याभल्यांना मागे टाकणारी. तिच्यातल्या पेट्रोलच्या नळ्या मात्र तेव्हापासूनच्या होत्या. रबर वाकवलं की बारीक भेगा दिसत. "पप्पा, हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल असतं, ते जुनं रबर खातं," जावई म्हणाले. "टाकीपासून इंजिनपर्यंत सगळी लाइन बदलायची आहे. हे टाळून चालणार नाही."

या कामात त्यांचे गुरू होते तळमजल्यावरचे एक वृद्ध जर्मन गृहस्थ. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेले. सगळी इमारत त्यांना 'माइस्टर' म्हणायची, म्हणजे आपल्याकडचे उस्ताद. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. मागच्या अंगणात गॅरेजांची रांग होती आणि त्यातलं शेवटचं गॅरेज कित्येक वर्षांपासून त्यांच्याकडे होतं. नियमाप्रमाणे तिथे दुरुस्तीला परवानगी नव्हती, पण त्यांच्याकडे सगळ्यांनी काणाडोळा केला होता. सकाळी आठला दार उघडायचं, बाराला बंद. ते गॅरेज म्हणजेच त्यांचं जगणं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

त्यांच्या कामाची शिस्त पाहून मी खूश झालो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची तार सोडायची. दार सताड उघडं, आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी. सांध्याला दोन पाने लावायचे, एकानं धरायचं, एकानं फिरवायचं, म्हणजे नळीला पीळ बसत नाही. माझ्या ठाण्यात असा एक जमादार असता तर माझे निम्मे केस पेपर नीट राहिले असते.

आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी सकाळी ते मला स्टूल द्यायचे आणि मी त्यांना चहा. बसून खाणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी गॅरेज आवरायचं काम स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी झाडलोट करायची, सुटे भाग पाकिटात घालून मुद्देमालासारखे नंबर टाकायचे. जावई हसायचे, "पप्पा, पंचनामा झाला का?"

शुक्रवारी संध्याकाळी आवरताना भंगाराच्या डब्यात तांब्याचे काळपट वॉशर दिसले. प्रत्येक सांध्याच्या बोल्टला दोन बसतात, तेच. तांबं फेकून द्यायचं म्हणजे काय? मी ते वर घरी नेले, चिंच-मीठ लावून आमच्या सौ. देवाची ताम्हनं घासतात तसे घासले. लखलखीत झाले. ते परत गॅरेजमध्ये कामाच्या बाकावरच्या ताटलीत मांडले आणि तिथलं नव्या वॉशरचं पाकीट लखोट्यात घालून, नंबर टाकून बाकाच्या खणात ठेवलं. जुने वॉशर का फेकले, हे मी विचारलं नाही. सासऱ्यानं जावयाला विचारायचं तरी काय काय.

शनिवारी सकाळी इंजिनाजवळचा शेवटचा सांधा माइस्टरनी जोडला. मग नुसता पंप चालवून प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच निघाला. इंजिन सुरू केलं, गाडी अंगणात घेतली. दहाएक मिनिटं झाली असतील. जावई वाकून पाहत होते आणि एकदम भडका उडाला. जावयांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सिलिंडर घेऊन पुढे धावले ते माइस्टर, मी नव्हे. आग त्यांनीच विझवली, हे मी तेव्हाही पाहिलं होतं. तपासात मात्र त्याची नोंद घेतली नाही.

मंगळवारी इमारतीच्या हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे व्यवस्थापनाचं पत्र आलं. गॅरेजमध्ये दुरुस्ती कुणी केली, आग कशामुळे लागली, चौदा दिवसांत लेखी कळवा; अन्यथा गॅरेजचा आणि प्रसंगी आमच्या घराचाही करार रद्द होईल. मुलगी रडवेली झाली. "बाबा, इथे राहायला वोनुंग मिळवायला आम्हाला वर्ष लागलं होतं." माझ्या अंगात जुना इन्स्पेक्टर उभा राहिला.

खबर मिळाली ती वरच्या मजल्यावरच्या एका मराठी इंजिनिअरकडून. जिन्यात मला थांबवून तो हळूच म्हणाला, "काका, मी बाल्कनीतून बघत होतो. लास्टचा बोल्ट आजोबांनी टाइट केला. त्यांचा हात थरथरतो, तुम्ही नोटिस केलंय का?" केलं होतं. चहाचा कप धरताना थरथरायचा. मला दुवा मिळाला आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. आरोपी आमच्या घरातला नव्हता.

गुरुवारी माइस्टर जावयांची विचारपूस करायला आले. येताना प्लमचा केक आणला होता. मी त्यांना खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं, उजेड चेहऱ्यावर येईल असं. मी पाठ खिडकीकडे करून बसलो. ही बैठक मी कुणाकडून शिकलो ते आठवत नाही, पण ती कधी वाया गेली नाही. मुलगी दुभाषी.

पहिल्या फेरीत मी फक्त क्रम विचारला. दुसऱ्या फेरीत तोच क्रम उलटा. तिसऱ्या फेरीत एकच प्रश्न: शेवटचा बोल्ट पूर्ण आवळला होता का?

"ते म्हणतात, 'या', म्हणजे हो, आवळला."

"नक्की?"

"ते म्हणतात, नेहमीसारखा आवळला."

"नेहमीसारखा म्हणजे त्या दिवशीचं आठवत नाही, असंच ना? विचार."

"बाबा, एकच गोष्ट किती वेळा विचारणार? ते कॉफी प्यायला आलेत, टर्मिन घेऊन, वेळ ठरवून जबाब द्यायला नाही."

"तू फक्त सांग त्यांना. आणि त्यांचा हात थरथरतो, तेही सांग."

तिनं सांगितलं. मग मी गप्प बसलो. समोरच्याला शांतता सोसत नाही, हे मी हजार वेळा पाहिलेलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळानं दोन शब्द बोलला.

"कान झाइन."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, असू शकतं." मुलीचा आवाज चिडलेला होता. "बाबा, कान झाइन म्हणजे हो नाही."

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो आणि वहीत लिहिलं: कबूल.

जावई आतल्या खोलीतून बाहेर आले. हाताला बँडेज. "पप्पा, राहू द्या. गाडी माझी, पत्र मीच लिहितो, माझ्या नावावर." पण त्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माइस्टरनी स्वतःच्या अक्षरात व्यवस्थापनाला पत्र लिहून दिलं: शेवटचा सांधा मी जोडला, चूक माझ्या हातून झाली, या कुटुंबाचा दोष नाही. आठवड्याभरात उत्तर आलं. आमचं घर राहिलं. त्यांना महिनाअखेर गॅरेज रिकामं करायला सांगितलं होतं. त्यांनी अवजारं तेलाच्या फडक्यानं पुसून लोकांना देऊन टाकायला सुरुवात केली. मी वरून पाहत होतो. प्रकरण निकाली निघालं म्हणून मला समाधान वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

पुढच्या शनिवारी जावयांनी डाव्या हातानं तो जळका सांधा उघडला आणि वॉशर माझ्यासमोर धरला. "पप्पा, हे बघा. यावर दाबाच्या दोन रिंगा आहेत, एकमेकींपासून किंचित सरकलेल्या. म्हणजे हा आधी वापरलेला आहे. तांब्याचा वॉशर एकदा चेपला की कडक होतो, परत नीट बसत नाही. थंड असताना धरून ठेवतो, तापला आणि हादरे बसले की पाझरायला लागतो. पण आम्ही तर नवीन पाकीट फोडलं होतं. ते गेलं कुठे?"

ते कुठे होतं हे मला माहीत होतं. ते खणात होतं, लखोट्यात, माझ्या अक्षरात नंबर टाकलेलं.

मी म्हणालो, "बघायला पाहिजे."

आयुष्यभर ज्या उत्तरावर मी लोकांना हसलो, तेच उत्तर माझ्या तोंडून आलं. इतरांना चोवीस तासांत बोलतं करणाऱ्या मला स्वतःचा जबाब द्यायला अकरा दिवस लागले. आज मुलगी थकली आहे, उद्या सांगू. उद्या जावयांचं बँडेज बदलायचं आहे, परवा सांगू. जावयासमोर मान खाली घालायची हिंमत नव्हती, एवढंच खरं कारण. मी सकाळच्या नाश्त्याला तोंड उघडलं तेव्हा गॅरेजची किल्ली परत जाऊन एक दिवस झाला होता.

गॅरेज रिकामं होण्याआधीच गुपचूप वर आणलेला लखोटा मी टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, चिंचेसकट. जावयांनी लखोट्यावरचा नंबर वाचला. मग म्हणाले, "पप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना."

"मी विचारलं नव्हतं," मी म्हणालो.

मुलीला घेऊन मी खाली गेलो. या वेळी उजेडाकडे तोंड करून मी बसलो. माइस्टरनी सगळं ऐकलं, तो वॉशर तळहातावर घेतला, अंगठ्यानं त्याच्या दोन्ही रिंगा चाचपल्या. मी रागाची वाट पाहत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ते म्हणतात, तरीही बघायला हवं होतं मी. माइस्टर बघतो." मुलगी थांबली. पुढचं तिनं अडखळतच सांगितलं. "आणि म्हणतात, त्या गुरुवारपासून त्यांना पाना निसटलेला आठवतो. रोज आठवतो. बोल्टावरून घसरलेला, अगदी हाताला जाणवलेला. आता तुम्ही म्हणताय तसं झालंच नसेल, तर हे कुठून आलं, असं विचारतायत."

ते माझ्याकडून आलं होतं. खुर्ची, उजेड, तीन फेऱ्या आणि शेवटची शांतता. एका इमानदार माणसाच्या डोक्यात मी न घडलेली गोष्ट ठेवली होती आणि त्यानं ती आपली म्हणून सांभाळली होती. मला तिथे रडू आलं. वर्दीत असताना कधी आलं नव्हतं.

आम्ही व्यवस्थापनाला खरी हकिकत कळवली, माझ्या सहीनिशी. गॅरेज दुसऱ्या भाडेकरूला दिलं गेलं आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर वॉशर नेहमी नवा वापरावा, हे मी आधी सांगतो. ते तरी कुणाच्या उपयोगी पडेल. उरलेलं सांगायला जड जातं. घटनास्थळी असलेल्या प्रत्येकाचा जबाब मी घेतला, एका माणसाचा सोडून; आणि तो माणूस शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये एकटा होता. आता जुन्या केसेस आठवतात. माझ्यासमोर खुर्चीत बसून शेवटी मान हलवणारे चेहरे आठवतात. चौतीस वर्षांत मी ज्याला कबुली म्हटलं, त्यात 'कान झाइन' किती होती, हे आता कुणाला विचारू? त्यातले काही जण आत गेले.

परत निघायच्या आदल्या दिवशी माइस्टर अंगणातल्या बाकावर एकटेच बसले होते. सकाळचे आठ वाजले होते. उघडायला दार नव्हतं, तरी ते वेळेवर आले होते. जावयांची गाडी पलीकडे उभी होती, जळालेल्या नळ्यांच्या जागी नव्या अजून बसवायच्या राहिलेल्या. मुलीकडून घोकून घेतलेलं एक वाक्य मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटलं: तुम्ही पुन्हा हिला हात लावाल का?

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"कान झाइन," ते म्हणाले.

वही माझ्या खिशातच होती. मी ती काढली नाही. त्यांच्या शेजारी बसून राहिलो.