राजुऱ्याचा दालचा आणि माझे सात पेले मीठ

शबाना माझ्या नाशिकच्या स्वयंपाकाच्या क्लासला येते. वाटी-पेल्याची मापं ग्रॅममध्ये बसवायचं मला वेड आहे, हे तिला ठाऊक. "राजुऱ्याला चला, अब्बूंचा दालचा मोजून दाखवा," म्हणाली. यंदा, २००६च्या रमजानमध्ये वजनकाटा पिशवीत टाकून मी तिच्यासोबत निघाले.

नागपूरहून चंद्रपूरला एसटीने चार तास. वाट थोडी वाकडी करून जंगलाकाठच्या मोहर्लीला एक मुक्काम केला. वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकते. रानडुकरं मात्र पोटभर पाहिली. चंद्रपूरहून राजुरा तासाभरावर, पण पुढे कोळशाचे ट्रक असतात. जाणार असाल तर पांढरे कपडे नेऊ नका, माझा कुर्ता अजून राखाडीच आहे.

शबानाचे वडील रसूलचाचा मशिदीतल्या इफ्तारसाठी वर्षानुवर्षं दालचा करायचे. डाळ, दुधी, मटण, चिंच, दोनशे माणसांचा हंडा, म्हणजे देग. रोजा असल्यामुळे चव बघत नाहीत. पितळेचा एक पेला हेच त्यांचं माप. मागच्या वर्षी ते आजारी पडले, तेव्हा देग दुसऱ्या आचाऱ्याकडे गेली होती. हा शुक्रवार त्यांच्या परीक्षेचा होता. आज जमलं तर देग परत त्यांची.

सकाळी मी सगळं तोलून वहीत उतरवलं. खडे मिठाचा पेला दोनशे ग्रॅम भरला. दुपारच्या नमाजाला निघताना चाचा म्हणाले, "बाई, सात गिलास मीठ टाकून द्या."

बरणीतलं मीठ ओलं, काळपट दिसत होतं. मी शहाणी! दुकानातून बारीक मिठाच्या पुड्या आणल्या आणि सात पेले मोजून टाकले. मीठ ते मीठ. मग वहीसाठी म्हणून एक पेला काट्यावर ठेवला, तर दोनशे नव्वद. खड्यांमध्ये हवा असते, बारीक मीठ ठासून बसतं, हे मी क्लासमध्ये दर आठवड्याला सांगते!

रोजा नसलेली त्या घरात मी एकटीच. पळी चाटली आणि तोंड वाकडं झालं. खारट नव्हे, नुसता समुद्र. चाचा परतले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. कबूल केलं. त्यांनी चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"तुमचा रोजा नाई नं," ते म्हणाले. "मंग तुमी चाखत राहा, मी टाकत राह्यतो."

शबाना घरोघर पळाली. शेजारणींनी कुकर लावून बिनमिठाची डाळ शिजवून दिली, कोणी दुधी उकडून दिला. जागा व्हावी म्हणून अर्धी देग बाजूला काढली आणि उरलेल्या अर्ध्यात हे सगळं मिसळलं. मी इतकं चाखलं की शेवटी जिभेला काहीच कळेना. सूर्यास्ताला देग मशिदीत पोचली. माणसं जेवली. चव बरी होती, पण चाचांची नव्हती. माझ्या मते निभावलं. दुसऱ्या दिवशी निघताना चाचीने डबाभर दालचा बांधून दिला, तोही मी निर्लज्जासारखा आणला.

नाशिकला आल्यावर महिन्याने शबानाकडून कळलं, देग दुसऱ्याच आचाऱ्याला दिली. मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं तेव्हा चाचा एवढंच म्हणाले होते की हात चुकला. मला धक्काच बसला. तडक फोन लावला, माझं नाव का नाही सांगितलं म्हणून भांडले.

"मीठ माझ्या घरात पडलं, बाई," चाचा म्हणाले. "मेहमानाचं नाव कसं सांगू?"

मी त्या वडीलधाऱ्यांना पत्र लिहिलं: मीठ मी टाकलं, बारीक टाकलं, चाचा तिथे नव्हते. खाली सही केली, पत्ता दिला. शबाना म्हणते, अब्बूंना हे आवडणार नाही. पत्र आज पेटीत टाकून आले.