बाबा अंतर्मुख आहे का?

परवा रविवारी शिरवण्याला आतेभावाची हळद होती आणि तिथे मांडवातच माझ्या असाइनमेंटचे बारा वाजले. तेव्हापासून डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही...

आधी थोडं मागचं सांगते. बारावीनंतर मी आर्ट्स घेतलं, सायकॉलॉजी शिकायचं म्हणून. बाबाचं म्हणणं होतं कॉमर्स कर, महाप्याला त्याच्या कंपनीत अकाउंट्सला कुठेतरी चिकटशील. (आमच्यात बाबाला तूच म्हणतात, उगाच कमेंटमध्ये संस्कार काढू नका.) थोडी वादावादी झाली, मग तोच माझ्याबरोबर ॲडमिशनला आला. मला वाटलं, मिटलं.

पण कॉलेज सुरू झालं आणि बाबा घरात गप्प होत गेला. आधी जेवताना कंपनीतले किस्से सांगायचा, साहेबाची नक्कल करायचा... आता नुसतं 'हं' आणि टीव्ही. त्यात मी समोर असले की जास्तच. आई म्हणते, वय झालं, दुसरं काय. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा. बाबा अजून आर्ट्सवरून चिडलाय का माझ्यावर?

आणि नेमका तेव्हाच पर्सनॅलिटीचा चॅप्टर लागला. मला तर वेडच लागलं होतं, रोज शिकलेलं रोज घरच्यांवर लावून बघायचे. आई गॅस बंद आहे का बघायला परत उठली की तिलासुद्धा एक भारी शब्द ऐकवायचे. अशात मॅडमनी असाइनमेंट दिली. घरातला एक माणूस घ्या, शिकवलेल्यापैकी एक थिअरी लावा आणि तो असा का आहे ते लिहा. म्हटलं वा, मार्क पण मिळतील आणि उत्तर पण.

कसलं उत्तर आणि कसलं काय! पहिली थिअरी म्हणते सगळं लहानपणात दडलेलं असतं, आतल्या आत इड, इगो आणि सुपरइगोची मारामारी चालू असते. पटलं. दुसरी म्हणते दडलेलं-बिडलेलं काही नाही, पाच गुण मोजा, माणूस कळला. तेही पटलं. तिसरी म्हणते माणसाला विनाअट माया मिळाली की तो आपोआप फुलतो... ती वाचताना तर वर्गातच डोळे भरून आले.

चौथी अगदीच कोरडी. माणूस एखादी गोष्ट करतो, तिचं पुढे बरं झालं तर परत करतो, वाईट झालं तर सोडून देतो, बस. मी म्हटलं, ही उंदरांना लावायची थिअरी, माझ्या बाबाला कशाला? तिचं पान उलटून टाकलं. मला सगळ्याच थिअऱ्या पटतात हा माझा मोठा प्रॉब्लेम आहे, आणि जी पटली नाही तिचं पुढे काय झालं ते सांगतेच.

शेवटी पाच गुणवाली घेतली. लिहून टाकलं, बाबा मुळातच अंतर्मुख, अबोल. खरं सांगू? मनाला बरं वाटलं. स्वभावच असा असेल तर राग नाही ना...

मग ती हळद. बेंजो सुरू झाला आणि बघते तर आमचा अंतर्मुख बाबा मांडवाच्या मधोमध! तोंडाला हळद फासलेली, शर्ट बाहेर आलेला, आणि बेंजोवाल्याला ओरडून सांगतोय, आवाज वाढव. मधेच थांबून साहेबाची नक्कल पण करून दाखवली. सगळे पोट धरून हसत होते.

मी मात्र कोपऱ्यात जाऊन हिशोब मांडत बसले. म्हणजे बाबा सगळ्यांशी बोलतो, फक्त माझ्याशी नाही. अबोल-बिबोल काही नाही, चिडलाच आहे. त्यात एक लांबची काकी येऊन म्हणाली, तू मनातलं ओळखायला शिकतेस ना, तुझा बाबा सगळ्यांना सांगत फिरतो. आता बोला! चिडलेला माणूस असं कशाला सांगत फिरेल?

शेवटी बाबा दमून खुर्चीत टेकला तेव्हा पाण्याचा ग्लास घेऊन गेले आणि सरळ विचारलं. बाबा, तू माझ्याशी बोलत का नाहीस? आर्ट्स घेतलं म्हणून?

त्याने ग्लास हातात घेतला. मग म्हणाला, "आर्ट्सचा काय संबंध, बाय? आमी तोंड उघडलं की तू पुस्तकातला शब्द मारतेस. मी बोल्लो कंपनीत काय टेन्शन नाय, तू बोल्लीस हे डिनायल हाय. तुझ्या आयवर आवाज चढला, तर बोल्लीस साहेबाचा राग घरात काढतोस. मंग कोन बोलनार? गप बसलेलं बरं."

रागावून नाही हं, अगदी हसत हसत म्हणाला. ग्लास रिकामा केला आणि परत नाचायला पळाला. मी तिथेच... डोळ्यात पाणी, आणि हसू पण येतंय. बाबाचा स्वभाव शोधायला निघाले होते आणि त्याला गप्प मीच केलं होतं. तेही त्या उंदरांच्या थिअरीने!

काल सकाळी जुईनगरच्या आमच्या घरी चहाला बसलो. बाबाने नवीन मॅनेजरचा विषय काढला. मला काय त्याची भीती, म्हणाला, आणि कप खाली ठेवताना चहा बशीत सांडला. माझ्या जिभेवर शब्द आला होता... मी बिस्किट तोंडात कोंबलं आणि विचारलं, मग पुढे?

मग काय, बाबा सुटला. पार त्या मॅनेजरच्या चालण्याची नक्कल करून झाली. आई ओरडत होती, अहो बस, बस! तेवढ्यात कंपनीची बस निघूनही गेली.

बाबा अंतर्मुख आहे का, काय माहीत. आधी लिहिलेलं फाडून टाकलं, असाइनमेंट परत कोरी आहे... पण काल त्याची बस माझ्यामुळे चुकली, याचा मला फार म्हणजे फार आनंद झालाय.