छायाचा उलटा ढोल

...अरे थांब समर्थ, ते नंतर लिही. आधी डब्याचं लिही. आपल्या बाजरीच्या पत्र्याच्या डब्याला पोचे पडलेत ना, ते तुझ्या छाया आत्यानं पाडलेत.

आपलं घर मखमलाबादला, झेंडूच्या वावराला लागून. समोरच्या मोकळ्या जागेत देवरामतात्यांचं ढोल पथक तालीम करायचं. गणपतीच्या आधी दोन महिने रोज सांजच्याला नुसतं ढणढण. बाप्ये लोक मागं, पुढं, कुठंबी उभे राहायचे. पोरींना कोण जाऊ देतंय? छाया आपली समोर ओट्यावर, हार ओवत बसायची. सुईवर लक्षच नाय. पाय हालतोय, बोटं गुडघ्यावर नाचतायत.

"छाये, अंगात मुंग्या शिरल्या का गं?"

"आई, गप ना! ठेका सुटतो."

शिकवणारं कोणी नाय. ओट्यावरून बघायचं न् घरात येऊन डब्यावर वाजवायचं. एका हातात लाटणं, दुसऱ्या हाताची थाप. दोन वर्षं असंच. बाजरीत किडा राहायला तयार नव्हता!

मग दोन हजार एक साली तात्या म्हणाले, औंदा पोरींनाबी घेऊ. हिनं भाकर तव्यावर टाकली न् पळाली. मी तिच्या मागं.

कमरेला ढोल, हातात ढोलाची काठी म्हणजे टिपरू, अशी रांगेत उभी केली. ठेका असा बिनचूक, तात्या मान डोलवायला लागले. तेवढ्यात खट्! हिचं टिपरू शेजारच्या जीवनच्या टिपरावर. परत खट्! जीवन ओरडला, "ए ताई, बोटं घरी न्यायचीत मला!"

तात्यांनी जवळ येऊन बघितलं. सगळ्यांचं टिपरू उजव्या हातात, हिचं डाव्या. समोरून बघून शिकलेली ना, त्यांचा उजवा तो हिच्या डाव्या बाजूला. तसंच उचललं.

तात्या म्हणाले, "आठ दिवसांत हात बदल. नाय जमलं तर पुढच्या साली बघू."

पुढच्या साली! दिवाळीनंतर तिचं लगीन होतं देवळ्याला. सासरी नव्या सुनेला ढोल कोण बांधू देतंय?

ते आठ दिवस काय सांगू. उजव्यानं मारायला गेली की ठेका पळायचा. जेवायची नाय, एका जागी बसायची नाय, या दारातून त्या दारात. चहात मीठ घातलं. मलाबी सुचंना.

सातव्या दिवशी गल्लीतल्या रंगूबाईकडं जेवणावळ होती. मी वरण वाढत होते. तिचा दीर कारभारी डावखुरा, त्याला नेहमीसारखं पंगतीच्या टोकाला बसवलं, शेजारच्याला कोपर लागू नये म्हणून. मी बादली तिथंच ठेवली न् तात्यांचं घर गाठलं.

"तात्या, डावखुऱ्याला आपण पंगतीतून उठवतो का हो?"

"आता हे काय मधीच?"

"टोकाला बसवतो ना? मग माझ्या पोरीला रांगेच्या टोकाला उभी करा की!"

तात्यांनी बोटानं हवेत रांग आखली. मग म्हणाले, "डाव्या टोकाला. पाठवा."

मिरवणुकीत तिच्या टिपराला मोकळा रस्ता होता. बोटं सोलली, मी पाणी घेऊन धावते तर म्हणे, "आई, सरक बाजूला!"

आता तिची लेक सृष्टीबी डबा बडवती म्हणे, टीव्हीत बघून बघून. अरे, टीव्हीवालेबी समोरूनच दाखवतात! हे ऐकल्यापासून मला चैन नाय. तू आजच देवळ्याला फोन लाव न् सृष्टीला माझा निरोप दे: वाजवणाऱ्याच्या मागं जाऊन उभी राहा म्हणावं, आता कोणी अडवत नाय.