बसून वाजवलेलं डफडं

आमच्या कलापथकाला बक्षीस मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक अशा आठवणी ऐकताना शेवटी ढाल मिळेल म्हणून वाट बघत बसतात आणि मग सांगणाऱ्यावरच रुसतात.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. बुलढाण्याहून धाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव, आणि गावाच्या कडेला आमची वस्ती. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वस्तीला थोडीच वर्षं झाली होती. घरातले देव गेले, त्यांच्यासोबत भजनंही गेली, आणि दिवेलागणीनंतरचा वेळ एकदम मोकळा पडला. माणसं ओट्यावर बसून एकमेकांची उणीदुणी काढायला लागली. वस्तीतलेच एक गुरुजी शेजारच्या गावी शाळेवर होते. त्यांना हे बघवेना. त्यांनी चिखलीहून एक जुनी पेटी आणली आणि कलापथक काढलं.

त्या पेटीच्या मधल्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. दुरुस्त करणारा कोणी जवळपास नव्हता, म्हणून गुरुजी चाली बांधतानाच त्या पट्ट्या टाळायचे. त्यामुळे आमची सगळी गाणी एकमेकींच्या सख्ख्या बहिणींसारखी वाटायची. ऐकणाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. पोरींना शाळेत घाला, दारू सोडा, मेलेलं ढोर ओढू नका, अशी गाणी घेऊन आम्ही बैलगाडीनं गावोगाव जायचो. एका गावात ज्या घरी आमचं जेवण होतं, त्याच घरामागे भट्टी लागलेली होती. दारूबंदीच्या गाण्याला सगळ्यात जोरात मान डोलावली ती त्या घरमालकानं. नंतर त्यानं आम्हाला आग्रह करकरून भाकरी वाढली. भट्टी काही विझवली नाही. दुसऱ्या एका गावात मात्र चार पोरी खरंच शाळेत गेल्या. आमच्या कर्तबगारीत मी ते धरते.

मी त्या पथकात गायची. आवाज बरा होता आणि लाज कमी होती, म्हणून मला पुढे उभं करत.

मग विकास खात्यानं बुलढाण्याला कलापथकांची स्पर्धा ठेवली, आणि नेमकी तेव्हाच आमच्या ढोलकीवाल्याला भुसावळला रेल्वेत नोकरी लागली. नोकरीवर जाताना तो ढोलकी घेऊन गेला. ती त्याचीच होती, बोलणार काय? आम्ही तुपाच्या रिकाम्या डब्यावर ताल धरून पाहिला. गाणं ऐकून कुत्री तेवढी जमली. तालाशिवाय स्पर्धेत जाण्यात काही अर्थ नव्हता, आणि पंचक्रोशीत तालाचा सगळ्यात पक्का हात आमच्याच घरात होता. तो माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो.

मोठे बाबा डफडं वाजवायचे. गावातलं लग्न असो, मिरवणूक असो, त्यांनी गळ्यात डफडं अडकवून पुढे चालायचं आणि दारात उभं राहून वाजवायचं. पंगती उठल्यावर उरलंसुरलं पदरात घ्यायचं, हा रिवाज होता. दीक्षेच्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं की यापुढे कोणाच्या दारात उभं राहून वाजवणार नाही. गावातल्या मोठ्या वावरवाल्यांनी मग त्यांच्या घराला ज्वारीच्या सोंगणीला बोलावणं बंद केलं. त्यांनी ते सोसलं. डफडं मात्र फेकलं नाही. पावसाळ्यात कातडं सादळू नये म्हणून ते चुलीपाशी धरून बसायचे. मोठी आई म्हणायची, "एखांदी सवत आनली असती त तिले बी एवढं जपलं नसतं."

गुरुजींनी त्यांना विचारायचं म्हटलं, तर निम्मं पथक उसळलं. ज्या वाद्यानं आपल्याला दारात उभं केलं ते आपल्या मंचावर नको, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काहीच नव्हतं. वाद तापला, आणि तो मोठ्या बाबांनीच मिटवला.

"वाजवतो मी," ते म्हणाले. "पन बसून. खुर्चीवर."

"बाबा, पेटीवाला बी सतरंजीवरच बसते," गुरुजी म्हणाले. "तुमी त्याच्याजवळ बसा ना."

"खाली त जल्मभर बसलो, गुरुजी. अन् वाजवलं ते जल्मभर उभं राहून. एक डाव खुर्चीवर बसून वाजवू द्या मले. अर्धं गाव येऊन राह्यलं तितं. पाहू द्या त्याईले."

यावर विरोध करणारेही तयार झाले. वस्तीत खुर्ची एकच होती, गुरुजींची. ती अंगणात आणली, डफडं शेकोटीवर तापवलं आणि मोठे बाबा बसले. पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्या कडव्याला ताल घसरला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच घसरला. गुरुजींना वाटलं, सवय मोडली असेल. पण माझं लक्ष खाली गेलं, तर मोठ्या बाबांचे पाय खुर्चीखाली सारखे चुळबुळत होते. ते उठले आणि वाजवत अंगणातून चालले. एक चूक नाही! परत बसले, की ताल गेलाच.

"पाय थांबले का हात बी थांबते, पोरी," ते मला म्हणाले. त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. त्यांना बसून वाजवायला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, मग कळणार कसं? चालण्यातच त्यांचा ताल होता, आणि आम्ही त्यांना मानानं खुर्चीत बसवून तो काढून घेतला होता.

गुरुजींनी हात जोडले, की बाबा, उभे राहा, आपलाच मंच आहे. ते ऐकेनात. "उभं राहाचं असंन त मी येत नाही." मग सराव चालू राहिला. थोडा फरक पडला, पण एकही गाणं शेवटपर्यंत धड गेलं नाही. मला तर वाटायचं, या वयात म्हाताऱ्यानं एवढा हट्ट कशाला धरावा? तसं मी आईजवळ बोललेही.

स्पर्धेच्या दिवशी खुर्ची एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टर म्हणाला, "कोन साहेब चालले?" मोठे बाबा म्हणाले, "मी." कंडक्टर हसला, तेही हसले.

मंडपात आमच्या गावचे बरेच लोक होते. वावरवाल्यांची पोरं पुढेच बसली होती. पडदा उघडला तेव्हा आम्ही सगळे उभे, पेटीवाला सतरंजीवर, आणि मधोमध खुर्चीत मोठे बाबा, धुतलेल्या धोतरात, मांडीवर डफडं. लोकांत कुजबुज झाली. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला जे व्हायचं तेच झालं. ताल सुटला, आम्ही सूर धरून कसंबसं ओढत राहिलो, आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "उभा राह्य बे! उभा राहून वाजव!"

हशा झाला. मोठ्या बाबांचे हात थांबले. एक हात खुर्चीच्या दांडीवर गेला. मला कळलं की ते आता उठणार.

माझ्या अंगाची आग झाली. माझ्या बापाच्या थोरल्या भावाला तो पोरगा 'बे' म्हणत होता! मी ठरवून काही केलं असं नाही. रागानं पाय आपटला, तो फळ्यांवर दणकन वाजला. मग दुसरा आपटला. मग मी जागच्या जागी चालायलाच लागले, मिरवणुकीत चालतात तशी. शेजारची बाई माझ्याकडे बघून चालायला लागली, मग तिच्या पलीकडची, मग सगळेच. पेटीवालाही बसल्या बसल्या गुडघा आपटू लागला. सगळा मंच धडधडत होता. मोठ्या बाबांनी डोळे मिटले, दांडीवरचा हात काढला, आणि पुढच्या कडव्याला डफडं असं काही कडाडलं की मला माझाच आवाज ऐकू येईना.

गाण्यापेक्षा पायांचा आवाज जास्त झाला, असं परीक्षक नंतर म्हणाले. ते खरंच होतं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. आम्ही पाय आपटतच पुढे सरकून हात जोडले. "बाबा, उठा, नमस्कार करा," गुरुजी सवयीनं हळूच म्हणाले. मोठ्या बाबांनी नाही म्हणून मान हलवली. ज्या बाजूनं आवाज आला होता तिकडे वळून त्यांनी बसूनच हात जोडले. पडदा पडेपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत, आणि तोवर आम्हीही पाय थांबवले नाहीत.