साडूंचं मीटर आणि माझं जादा चुंबक

माझ्या सायकलचं पुढचं चाक अख्ख्या पिंपरी-चिंचवडमधलं सगळ्यात संतुलित चाक आहे. सासरी माझी जी काही अब्रू होती, ती याच चाकाखाली आली.

मी चाकणच्या एका कंपनीत बॅलन्सिंगच्या खात्यात आहे. जे जे गोल फिरतं ते थरथरू नये म्हणून एका बाजूला वजन जास्त भरलं की समोरच्या बाजूला तेवढंच वजन लावायचं, हे काम मी एकोणीस वर्षं करतोय. घरी या विद्येचा उपयोग एकदाच झाला, बैठकीतल्या पंख्याला. (पंखा थरथरायचा थांबला. महिन्याभरानं फिरायचाही थांबला, पण तो वेगळा विषय.)

सुहासराव माझे साडू. माझ्या बायकोच्या, म्हणजे मीनलच्या, थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. निगडीला प्राधिकरणात राहतात, हिंजवडीला कॉम्प्युटरसमोर बसतात आणि चाळिशी उलटल्यावर सायकलवर बसायला लागले. बसेनात का! मीही बसतो. काळेवाडीत घरापासून कंपनीची बस येते त्या नाक्यापर्यंत मी वर्षानुवर्षं सायकलनंच जातोय, आणि त्याचा एकही फोटो कुणाला पाठवलेला नाही. पण सुहासरावांनी हँडलवर काडेपेटीएवढा सायकल कॉम्प्युटर बसवला आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ओवा खाऊन थांबेना.

कारण रोज सकाळी सात वाजता सासरच्या ग्रुपवर त्या काडेपेटीचा फोटो यायचा. अंतर बत्तीस किलोमीटर. सरासरी वेग चोवीस. केडन्स ब्याऐंशी. आणि त्याखाली, सात वाजून एक मिनिटानं, आमच्या सासऱ्यांचा एकच शब्द : ‘शाब्बास.’

आता हा शब्द काय भावाचा आहे ते सांगायला हवं. आमचे सासरे, अण्णा, मूळचे चऱ्होलीचे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. केसाच्या जाडीएवढी चूक बोटानं ओळखायचे आणि ती करणाऱ्याला दिवसभर शब्दानं सोलायचे. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी त्यांच्या घरचा नळ दुरुस्त केला, पाण्याची टाकी चढवली, त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दोन दिवस रजा टाकून बसलो. मला ‘बरं’ मिळालं. एकदा ‘बरं, बरं’. शाब्बास कधी नाही.

त्यात अण्णांनी सायकलचा विषय काढला. त्यांची काळी सायकल, पितळी घंटीची, डायनॅमोवाली. चऱ्होलीहून पिंपरीला पहिल्या शिफ्टला ते याच सायकलवर जायचे, आणि निवृत्तीनंतरही दर शनिवारी तिला तेलपाणी करायचे. एका रविवारी आम्ही सगळे जेवायला जमलो असताना ते म्हणाले, “गुडघं आता ऐकत न्हाईत. माझ्या पंचाहत्तरीला ही सायकल दोघा जावयांतल्या एकाला देनार. जो खरंच चालवतोय त्याला.”

आणि बघितलं सुहासरावांकडे.

मी त्याच संध्याकाळी चिंचवडच्या दुकानात सायकल कॉम्प्युटर घ्यायला हजर झालो. मीनल सोबत होती. मी भलतंच काहीतरी घेऊन येऊ नये म्हणून.

दुकानदार भला माणूस. त्यानं तीन नमुने काचेवर मांडले. पहिला तारेचा, फक्त वेग आणि अंतर दाखवणारा. दुसरा बिनतारेचा : चाकाच्या तारेला एक चुंबक लावायचं, समोर चिमट्यावर सेन्सर, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला चुंबक समोरून गेलं की तो मोजतो. पायडलच्या दांडीला असंच वेगळं चुंबक, त्यावरून केडन्स. तिसरा उपग्रहावर चालणारा, नकाशा दाखवणारा. मग त्यानं विचारलं, “साहेब, वापर काय आहे तुमचा?”

खरं उत्तर होतं, ‘साडूला जाळणे.’ मी म्हटलं, “फिटनेस.”

मग तो मला केडन्स म्हणजे काय ते समजावू लागला. मिनिटाला पायडलचे किती फेरे होतात, तो आकडा. मी त्याला थांबवून सांगितलं की आम्ही याला आरपीएम म्हणतो आणि मी रोज हजारोंनी मोजतो. तो म्हणाला, “मग तुम्हाला पन्नास-साठ पुरतील.” हे मला लागलं.

सुहासरावांचा कुठला आहे ते मी मीनलला हळूच विचारलं. तिनं तिसऱ्याकडे बोट दाखवलं. तो आपल्या आवाक्याबाहेरचा होता, पण हे कबूल करण्यापेक्षा तत्त्वाचा मुद्दा काढणं सोपं असतं. मी म्हटलं, “आकाशातल्या उपग्रहाला काय कळणार माझं चाक किती फिरलं? मोजमाप कसं, हात लावून केलेलं पाहिजे.” आणि दुसरा उचलला. शिवाय त्याचे आकडे सुहासरावांच्या आकड्यांपेक्षा मोठे दिसत होते. (अक्षरांच्या आकारानं. तेव्हा मला एवढंही पुरत होतं.)

दुकानदारानं जाताना चाकाचं एक चुंबक वर दिलं. म्हणाला, “पहिलं पडलं-बिडलं तर असू द्या.”

आता चूक कुठे झाली ती सांगतो. ती तुमच्याकडून कधीच झाली नसती. त्यासाठी एकोणीस वर्षांचा अनुभव लागतो.

घरी पार्किंगमध्ये सायकल उलटी टेकवून मी चुंबक तारेला बसवलं आणि चाक फिरवून बघितलं. चाक थांबताना दर वेळी चुंबक खाली येऊन थांबत होतं. म्हणजे एक बाजू जड! माझ्यातला बॅलन्सिंगवाला तळमळला. एवढ्याशा चुंबकानं सायकलस्वाराला काही फरक पडत नाही हे कुणीही सांगेल, पण असं चाक मी माझ्या खात्यातून बाहेर जाऊ देत नाही, घरातून कसं जाऊ देईन? खिशात दुसरं चुंबक होतं. हुबेहूब त्याच वजनाचं. मी ते बरोबर समोरच्या तारेला बसवलं. चाक पुन्हा फिरवलं. वाटेल तिथे थांबत होतं. इतकं सुंदर काम झालं होतं की मी मीनलला तीन मजले उतरून बघायला बोलावलं.

“छान,” ती म्हणाली. “पण दोन कशाला?”

“तुला नाही कळायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निगडीच्या बस स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. मीटर बघितलं आणि सोसायटीच्या गेटवर पाय टेकायचंच विसरलो. (पडलो. वॉचमननं उचललं.) अंतर अडतीस किलोमीटर. सरासरी वेग चौतीस. केडन्स बावन्न.

मोटरसायकलनं जाताना हेच अंतर मला इतकं लांब कधी वाटलं नव्हतं. पण मोटरसायकलला कशाची दमणूक? शिवाय आमच्या खात्यात एक अलिखित पद्धत आहे : रीडिंग वाईट आलं तर दहा वेळा तपासायचं, चांगलं आलं तर लगेच सही करायची. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

आधी ताईचे तीन आश्चर्यचकित चेहरे आले. मग मेव्हण्याचं ‘जिजाजी वाघ’. मग दहा मिनिटं सुहासरावांच्या नावापुढे ते काहीतरी लिहीत असल्याचं दिसत राहिलं. ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या काळात मोडतात. शेवटी आलं : ‘दिनेशराव, भारीच. पण केडन्स बावन्न आणि वेग चौतीस? कुठल्या गिअरवर?’

मी लिहिलं, ‘माझ्या सायकलला गिअर नाहीत.’

पुढे दोन दिवस सुहासरावांचा फोटो आला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोनच आला. आवाज मऊ. मी सकाळी काय खातो, विचारत होते. मी सांगितलं, रात्रीची शिळी भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यांनी ओट्स बंद करून ठेचा सुरू केला. पुन्हा दोन दिवस फोटो आला नाही, यावेळी कारण वेगळं होतं. ताईनं मीनलला फोन करून आमच्या घराण्याबद्दल जे सांगितलं ते मीनलनं मला पूर्ण सांगितलं नाही.

महिनाभर मी चौतीस-पस्तिसाच्या वेगानं धावत होतो. एकच गोष्ट छळायची. अण्णा माझे फोटो बघायचे, निळ्या खुणा यायच्या, आणि त्याखाली यायचं : ‘बरं.’

चोवीसवाल्याला शाब्बास आणि चौतीसवाल्याला बरं! मी मीनलकडे तक्रार केली की तुझे वडील थोरल्या जावयाची बाजू घेतात. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, “एवढ्या वेगानं जाता, तर कोपऱ्यावरून दही आणायला पाऊण तास कसा लागतो तुम्हाला?”

सासर-माहेर सगळं एक झालं होतं.

पंचाहत्तरीच्या सकाळी सुहासरावांनीच सुचवलं, दोघांनी निगडीहून चऱ्होलीला सायकलवर जाऊ. बायका-मुलं गाडीनं पुढे. ते आले ते हेल्मेट, काळा चष्मा, घट्ट चड्डी अशा थाटात. मी पंचाहत्तरीचा म्हणून नवा सदरा घातला होता. स्पाइन रोडला लागलो. सुहासराव मोठ्या आदरानं माझ्या मागे राहिले होते, वाघाला वाट द्यावी तसे. थोड्या वेळानं शेजारी आले. आणखी थोड्या वेळानं त्यांनी ब्रेक दाबायला सुरुवात केली.

“दिनेशराव, बरं वाटतंय ना?”

“वॉर्मअप चाललाय,” मी म्हटलं. बोलायला दम तेवढाच होता.

ते माझ्या अगदी बरोबरीनं चालले होते. हँडलला हँडल. “माझा एकोणीस दाखवतोय,” ते म्हणाले. “तुमचा?”

मी खाली बघितलं. अडतीस.

क्षणभर मला त्यांची कीव आली. एवढा महागाचा घेतला आणि बिघडलेला निघाला! दुसऱ्या क्षणी ती कीव माझ्याकडे वळली, कारण रस्त्याकडेला चाळीसच्या वेगमर्यादेचा फलक होता, आणि त्याखालून एक काका मागे गॅसचा सिलेंडर बांधून, साध्या सायकलवरून मला मागे टाकून गेले. मी मीटरवर तळहात ठेवला.

“उन्हानं दिसत नाही,” म्हटलं.

मोशी येईपर्यंत मी एका हातानं सायकल चालवली. पुढे खिशातला रुमाल काढून मीटरवर बांधला. सुहासरावांनी रुमालाकडे बघितलं आणि ब्रेक आणखी दाबला. बोलले असते तर बरं झालं असतं.

चऱ्होलीत आता चहूबाजूंनी टॉवर झालेत, मध्ये अण्णांचं बैठं घर. अंगणात सगळं घर जमलेलं, ती काळी सायकल पुसून हार घालून उभी. सुहासराव सहज उतरले. मी उतरलो तेव्हा माझे गुडघे अण्णांच्या गुडघ्यांपेक्षा म्हातारे झाले होते. मीनलनं पाणी दिलं आणि हळूच विचारलं, “मीटरला काय लागलं?” तिला जखम वाटली होती.

अण्णा काठी टेकत आले. आधी सुहासरावांचं मीटर बघितलं. सरासरी सतरा पूर्णांक चार. मग माझ्या हँडलवरचा रुमाल त्यांनी दोन बोटांनी उचलला. चौतीस पूर्णांक आठ.

“एकाच रस्त्यानं आला न्हवं दोघं?”

“हो,” सुहासराव म्हणाले.

“बरोब्बर दुप्पट,” अण्णा म्हणाले, आणि कुणाला काही न विचारता खाली बसले. पुढचं चाक उचलून हळूच एक फेरा दिला. मीटर जागं झालं. पुन्हा एक फेरा, अजून हळू. मग त्यांचं बोट एका चुंबकावर थांबलं. अर्धा फेरा. बोट दुसऱ्या चुंबकावर थांबलं.

“हे दुसरं कशापायी?”

मी मीनलकडे बघितलं. ती अण्णांकडे बघत होती. हाच प्रश्न तिनं महिन्यापूर्वी विचारला होता, हे फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं. आता तुम्हालाही माहीत आहे.

“बॅलन्सिंगसाठी,” मी म्हटलं.

मग सुहासरावांच्या डोक्यात हिशोब बसला. एका फेऱ्याला दोनदा मोजणी. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे माझा ठेचा...” आणि तुळशीच्या कट्ट्यावर बसले. मग ताई हसायला लागली, मग मेव्हणा, मग शेजारच्या टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरचं, ओळख ना पाळख असं एक कुटुंबही.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी चाक जोरात फिरवलं आणि डोळे बारीक करून बघत राहिले. ते थांबलं तसं पुन्हा फिरवलं. टूलरूममधला माणूस जसा बघतो तसं.

“सायकल सुहासरावांना,” ते शेवटी म्हणाले. “चालवत्यात ते.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. “पर चाक काय लावलंय ह्यांनी! जरा म्हणून थरथर न्हाई. दिनेशराव, शाब्बास.”

चौदा वर्षं! सायकल गेली, महिन्याभराचे सगळे किलोमीटर अर्धे झाले, वाघाची शेळी झाली, पण शब्द मिळाला. मात्र माणसाचा हेवा असा लगेच जात नाही. मी म्हटलं, “अण्णा, एवढं जरा ग्रुपवर टाकता का?”

त्यांनी टाकलं. माझ्या चाकाचा फोटो, दोन्ही चुंबकं स्पष्ट, आणि खाली ‘शाब्बास’. टॉवरांमुळे तिथे रेंज जरा गडबड करते, त्यामुळे तो मेसेज दोनदा गेला.

मी दोन धरलेत.