झिराडकरांचं देणं

पापडीच्या झिराडकरांकडे सून म्हणून येणं म्हणजे काय, हे सिप्पोराला लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला कळलं. यहुद्यांच्या नव्या वर्षाचा सण. भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात घोटून घोटून तिने हलवा केला. वड्या पडल्या तशी सासरे बेंजामिन आत आले. "झकास झालाय," म्हणाले, "आता वाट." वसई-नालासोपाऱ्यातल्या साऱ्या बेने इस्रायली घरांत हलवा गेला. पातेल्याला चिकटलेला तेवढा सिप्पोराने खरवडून खाल्ला. तेव्हा तिला हसू आलं होतं.

सासऱ्यांनी घराचा दिवाणखाना प्रार्थनेला देऊन टाकला होता. मुंबई-ठाण्याची मशीद, म्हणजे आपलं सिनेगॉग, या लोकांना लांब पडे. शनिवारी दिवाणखाना भरायचा. सिप्पोरा आठवडाभर शाळेत शिकवायची आणि शनिवारी चूल पेटवायची नसल्याने शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शनिवारचंही रांधून ठेवायची. सगळ्यांचं.

नवरा हस्केल वडिलांच्या वरताण निघाला. एका शनिवारी, प्रार्थना संपल्यावर, तो उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्या तोराच्या पोथीसाठी चांदीचा मुकुट करायचाय. सिप्पोरा त्यासाठी तिच्या आईची बोरमाळ मोडायला देतेय." सिप्पोराने हे तिथेच, बायकांच्या रांगेत, पहिल्यांदा ऐकलं. शेजारच्या बायकांनी तिचे हात धरले, कौतुक केलं. ती हसली. आतल्या खोलीत गेल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणणार होतीस का?" हस्केलने विचारलं. ती नाही म्हणणार नाही, याची त्याला खरंच खात्री होती. सिप्पोरा जेवणाची पानं मांडायला गेली.

त्यांची एकुलती मुलगी मिल्का रक्त तपासायचं शिकली. घरालगत रस्त्याच्या कडेला केळीची जागा होती, तिथे लॅब टाकायचं तिच्या मनात होतं. त्याच वर्षी हस्केलने ती जागा समाजाच्या ट्रस्टला दिली. समाजातली तरुण माणसं इस्रायलला चालली होती, मागे म्हातारे एकटे पडत होते. त्यांच्यासाठी वृद्धाश्रम बांधायचा होता.

"बाबा, मी कुठे जाऊ?" मिल्काने विचारलं.

"तुला हातपाय आहेत. त्यांना कोण आहे?"

मिल्का भांडली नाही. ती इस्रायलमध्ये अश्दोदला निघून गेली. तिथे तिला काम मिळालं ते परक्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचं, भरवायचं. फोनवर तिने हे सांगितलं तेव्हा हस्केलला अभिमान वाटला. "बघ, रक्तातच आहे," तो सिप्पोराला म्हणाला. त्या रात्री सिप्पोरा त्याच्याशी बोलली नाही.

हस्केल गेला तेव्हा कद्दीश, म्हणजे मयताची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागत होते. नऊ आले. विरारहून येणाऱ्या दहाव्याची दुपार कलेपर्यंत वाट पाहिली. त्याची तब्येत बिघडल्याचा निरोप आला. ज्या घरात वर्षानुवर्षं शनिवारी बसायला जागा पुरत नव्हती, त्या घराच्या मालकाला कद्दीशशिवाय उचलावं लागलं. मिल्काला यायला जमलं नाही.

मृत्युपत्रात घरही ट्रस्टला होतं. सिप्पोराने हयातभर तिथे राहावं, असंही लिहिलेलं होतं. पण वृद्धाश्रमातली माणसं एकेक करून गेली, नवी येईनात, आणि ट्रस्टने इमारत लग्नाच्या हॉलला भाड्याने दिली. दारावरची 'झिराडकर कुटुंबाकडून' ही संगमरवरी पाटी तशीच राहिली. तिच्याखाली चपलांचा ढीग पडायचा. अंगणात बँड वाजायला लागला तशी सिप्पोरा विरारला, फुलपाड्यात, आपल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. शिक्षिकेच्या पगारातून घेतलेला, तिच्या एकटीच्या नावावरचा. झिराडकरांच्या घरातली ही एकच वस्तू अशी, जी कुणी कुणाला दिलेली नव्हती.

गेल्या वर्षी ट्रस्टचा नेहेम्या पेणकर तिथे आला. तरुण, नम्र. येताना तिच्यासाठी खजूर घेऊन आला.

"काकी, तुमच्या घराण्याने दोन पिढ्या दिलं," तो म्हणाला. "हा फ्लॅट तुमच्या पश्चात समाजाला राहिला, तर…"

"तर पाटीवर आणखी एक ओळ," सिप्पोरा म्हणाली. "चपलांच्या ढिगाच्या वर."

नेहेम्या ओशाळला, पण गप्प बसला नाही. "त्या हॉलच्या भाड्यातूनच अलिबाग-पनवेलच्या म्हाताऱ्यांची औषधं येतात, काकी. कबरस्तानाची भिंत त्यातूनच बांधली. दुसरं काय करायचं होतं आम्ही? माणसंच नाहीत."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिच्या अंगाची आग झाली. "मी देणार नाही," ती म्हणाली. उभ्या आयुष्यात हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं होतं. नेहेम्या गेला. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. सासरे आणि नवरा दोघेही पाठ फिरवून बसलेत, असं सारखं मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने मिल्काला फोन लावला. "हा फ्लॅट तुझ्या नावावर करते. हा तरी तुझा."

 मिल्का म्हणाली, "आई, मी पन्नाशीची झाले. त्या जागेचा मला उपयोग होता तेव्हा तू बाबांसमोर एक शब्द काढला नाहीस. आता विरारच्या फ्लॅटचं मी काय करू? द्या कुणाला तरी. तुम्हाला सवय आहे."

सिप्पोराने शेजारच्या आशालताला विचारून पाहिलं. दुखण्याखुपण्यात तीच धावायची. आशालता घाबरली. "नको हो टीचर. उद्या सोसायटीत म्हणतील, म्हातारीच्या मागे यासाठीच होती."

मग महिन्याभराने तिने नेहेम्याला बोलावलं. तो वकिलाला घेऊनच आला. कागद वाचून दाखवताना वकील म्हणाला, "श्रीमती सिप्पोरा हस्केल झिराडकर यांनी आनंदाने व स्वखुशीने दिलेला…"

"ते काढा," सिप्पोरा म्हणाली.

"काकी, कायद्याने 'स्वखुशीने' लागतं."

"मग तेवढंच ठेवा. 'आनंदाने' काढा. आणि पाटीवर माझं नाव नको. कुणी विचारलं तर दिला म्हणू नका. घेणारं कुणी नव्हतं, म्हणून तुमच्याकडे राहिला, असं सांगा."

नेहेम्याने मान खाली घातली. वकिलाने एक शब्द खोडला. सिप्पोराने चष्मा लावला आणि शाळेत प्रगतिपुस्तकांवर करायची तशी स्वच्छ, वळणदार सही केली.